कुंकळ्ळी, 1583 : सरकारनं गावावर धर्म लादला त्याचं एक प्रकरण

गोव्याला जाणारी मराठी मंडळी फोंडा तालुक्यात मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा अशी देवळं करतात आणि संध्याकाळी समुद्रावर जातात. इतकी मोठमोठी देवळं एकाच तालुक्यात, तीही डोंगराआड का, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. हे देव मूळचे तिथले नाहीत. मंगेशी कुशस्थळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून आली. पोर्तुगीज सरकारनं साष्टीत, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या महालात, देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी रातोरात मूर्ती उचलल्या आणि खाडी ओलांडून पलीकडच्या मुलखात नेल्या.

ज्या गावानं सुरुवातीला पळून न जाता अंगावर घेतलं, त्या कुंकळ्ळी गावाचं हे प्रकरण आहे. कागदपत्रांत काही गावकारांची (गावच्या जमिनीच्या मूळ भागीदारांची) आणि सामान्य माणसांची नावं येतात, ती इथे गाळली आहेत. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. या घटनेचे जवळपास सगळे समकालीन कागद पोर्तुगीज सरकारचे किंवा जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारक संघाच्या पाद्रींचे आहेत. गावाची बाजू त्यांच्याच लिखाणातून, ओळींच्या मधून वाचावी लागते.

पार्श्वभूमी

अफोंसो दे आल्बुकेर्कनं 1510 मध्ये आदिलशहाकडून गोवा शहर आणि तिसवाडी बेट घेतलं. साष्टी आणि बारदेश हे दोन महाल पोर्तुगीजांकडे कायमचे आले ते 1543 मध्ये. सुरुवातीची काही वर्षं साष्टीतल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात फार फरक पडला नाही. शेतसारा विजापूरऐवजी गोव्याला जायचा, एवढंच.

हा सारा गोळा व्हायचा गावकारीतून, म्हणजे गावकारांच्या सामाईक कारभारातून. गावाची जमीन गावकारांच्या मूळ कुळांची, म्हणजे वांगडांची, सामाईक. शेतांचा लिलाव, बांध आणि मानशींची (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दारांची) डागडुजी, न्हावी-सुतार-लोहारांचा वाटा, देवळाचा खर्च आणि सरकारचा दस्त, म्हणजे सारा, हे सगळं एकाच बैठकीत ठरायचं. ती बैठक भरायची बहुतेक ठिकाणी देवळाच्या आवारात. तंटे तिथेच मिटायचे, पेरणीचा कौल तिथेच लागायचा. म्हणजे देऊळ पाडणं हा श्रद्धेवरचा घाला तर होताच, पण त्याच फटक्यात गावाची कचेरी, कोर्ट आणि खजिनाही जायचा. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. तिसवाडीतल्या गावकारीचे रीतिरिवाज त्यांनीच 1526 मध्ये लेखी नोंदवून मान्य केले होते.

मग वारं फिरलं. 1559 मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावानं हुकूम आला, की हिंदूंची पोरकी मुलं ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवावीत. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मबाह्य वागणुकीचा तपास करून शिक्षा देणारं, न्यायालय बसलं. त्याच वर्षी ब्राह्मणांना हद्दपार करण्याचा हुकूम निघाला. 1566 मध्ये नवीन देऊळ बांधायचं नाही आणि जुन्याची दुरुस्तीही परवानगीशिवाय करायची नाही, असं फर्मान आलं. 1567 च्या धर्मसभेनं आणि पाठोपाठ सरकारी कायद्यानं तर घराच्या उंबऱ्याच्या आत हात घातला. पुरोहित, जोशी, कीर्तनकार यांना राज्याबाहेर काढायचं, धर्मग्रंथ जप्त करायचे, सण-उत्सव, जत्रा बंद करायच्या आणि हिंदूंच्या याद्या करून त्यांना पाळीपाळीनं पाद्र्यांच्या प्रवचनाला बसवायचं. धर्माच्या या हुकमांखाली सही असायची व्हाइसरॉयची आणि अंमलबजावणीला असायचा किल्लेदार.

साष्टीचा किल्लेदार रायतूरला बसायचा. 1567 मध्ये त्या जागेवर असलेल्या दियोगु रॉद्रिगिशचा साष्टीतल्या लोटली गावच्या लोकांशी खटका उडाला. त्यानं बोलावलं, ते आले नाहीत, त्यानं रागानं जाळपोळ केली. लोकांनी वर दाद मागितली आणि नुकसान अंगावर येण्याची वेळ किल्लेदारावर आली. तेव्हा प्रकरण चर्चच्या वरिष्ठांकडे गेलं, आणि परतलं ते सगळ्या महालातली देवळं पाडण्याची मोकळीक घेऊन. जेझुइट नोंदींप्रमाणे त्या मोहिमेत साष्टीत सुमारे 280 देवळं गेली. एका अधिकाऱ्याच्या अरेरावीवरची तक्रार दोन पायऱ्या वर चढली आणि धर्मरक्षणाची मोहीम होऊन खाली उतरली. सरकारी यंत्रणा धर्माच्या कामाला लागली की असल्या गोष्टी किती सहज होतात, ते इथे दिसतं.

पुढे पाडलेल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आलं.

समस्या

कुंकळ्ळी साष्टीच्या दक्षिण टोकाला. जवळच असोळणे, वेळ्ळी, आंबेली, वेरोडा. रायतूरपासून लांब, आदिलशाही हद्द मात्र हाकेवर. या पाच गावांनी देवळं पडल्यावर ती पुन्हा उभी केली. पुन्हा पाडली, पुन्हा उभी केली. आणि एक गोष्ट केली जी सरकारला देवळांपेक्षा जास्त झोंबली. त्यांनी दस्त भरायचं थांबवलं.

सरकारच्या दृष्टीनं आता दोन भांडणं एकात मिसळली होती. सारा वसूल करणं हे कुठल्याही राज्याचं नेहमीचं काम. देऊळ नको म्हणणं हे या राज्यानं स्वतःहून अंगावर घेतलेलं काम. गावाच्या बाजूनं मात्र ही दोन भांडणं नव्हतीच. ज्या बैठकीनं सारा गोळा करायचा ती बैठकच तुम्ही मोडली, मग सारा कसला मागता?

उत्तर म्हणून सरकारनं फौज पाठवली. आरमारासह आलेल्या जील यानिश मास्कारेन्यशच्या माणसांनी घरं जाळली, देवळं जाळली, झाडं तोडली. माड तोडणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. लावल्यापासून फळ धरेपर्यंत सहा-सात वर्षं जातात. घर दोन महिन्यांत शाकारता येतं, माडाचं तसं नाही.

या मोहिमेत पेरु बेर्नु नावाचा एक जेझुइट पाद्री सैन्यासोबत होता. त्यानं पडलेल्या देवळाच्या जागी गाय मारली आणि ती जागा कायमची बाटवली, असं खुद्द जेझुइट इतिहासकारांनीच लिहून ठेवलंय, आणि कौतुकानं लिहिलंय. त्यामागचा हिशोब सरळ होता : जागा बाटली की लोक तिथे पुन्हा देऊळ बांधणार नाहीत. हिशोब चुकला. लोकांनी देऊळ बांधलं की नाही हे बाजूला ठेवा, तो माणूस मात्र त्यांच्या लक्षात राहिला.

पर्याय

1583 च्या पावसाळ्यात दोन्ही बाजूंपुढे काय काय मोकळं होतं, ते पाहू.

गावापुढे पहिला रस्ता बाप्तिस्म्याचा. तिसवाडीत आणि उत्तर साष्टीत बऱ्याच गावांनी तो घेतला होता. त्यानं जमीन राहायची, गावकारीतला हक्क राहायचा, आणि पुढे तर बैठकीत ख्रिस्ती गावकारांना झुकतं माप देणारे हुकूमही आले. एकाच घरातला एक भाऊ ख्रिस्ती होऊन जमीन राखतोय आणि दुसरा देव घेऊन पलीकडे जातोय, असं साष्टीत अनेक घरांत झालं. आज त्याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. मला ती कुटुंबानं डोकं शांत ठेवून केलेली वाटणी वाटते.

दुसरा रस्ता, देव घेऊन निघून जाण्याचा. हद्द जवळ असल्यानं कुंकळ्ळीला तो इतरांपेक्षा सोपा होता. पण मूर्ती डोक्यावर नेता येते, भातशेती नेता येत नाही. तिसरा रस्ता, दस्त भरायचा, देवपूजा घरात दडवायची आणि दिवस काढायचे. चौथा, उघड सामना.

सरकारपुढे यापेक्षा जास्त मोकळीक होती. सारा वेगळा काढून त्यापुरता समझोता करता आला असता. सीमेवरच्या गावांना काही वर्षं हात न लावणंही शक्य होतं. विजापूरच्या हद्दीवर असंतुष्ट गावं असणं लष्करीदृष्ट्याही परवडणारं नव्हतं. शिवाय एक तिसरा मार्ग होता, आणि तो माहीत असलेला माणूस नेमका त्याच वर्षी साष्टीत आला होता.

रुदोल्फो आक्वाविवा हा इटालियन जेझुइट 1580 पासून अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला होता. तिथे तो मुल्ला-मौलवींशी समोरासमोर वाद घालायचा. बळजबरी करायची सोय नव्हती, कारण तलवार यजमानाच्या हातात होती. तीन वर्षांत बादशहा काही ख्रिस्ती झाला नाही. 1583 मध्ये आक्वाविवा गोव्यात परतला आणि त्याला साष्टीच्या सगळ्या जेझुइट कामाचं प्रमुख केलं. वय तिशीच्या किंचित पुढे. सिक्रीत ज्याला फक्त जिभेवर काम भागवावं लागलं, त्याच्यामागे इथे किल्लेदार आणि आरमार उभं होतं. तो स्वतः मवाळ होता असं सगळे सांगतात. पण त्यानं सोबत्यांत बेर्नुला घेतलं.

घडलं ते

फौजेच्या तडाख्यानंतर गावांनी नमतं घेतल्याचं दिसत होतं. जेझुइटांनी त्याचा अर्थ लावला : आता चर्चसाठी जागा पाहायला हरकत नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा चुकीचा अंदाज हाच. घरं जळलेल्या माणसाची शांतता त्यांनी संमती समजली.

15 जुलै 1583. ओर्लीच्या चर्चमध्ये पाच जेझुइट जमले : आक्वाविवा, बेर्नु, आणखी दोन पाद्री आणि एक ब्रदर (पाद्री नसलेला संघाचा सदस्य). सोबत काही पोर्तुगीज आणि स्थानिक ख्रिस्ती. तिथून निघून ते कुंकळ्ळीत आले. क्रूस उभारायचा आणि चर्चची जागा नक्की करायची, असा बेत.

गावात त्यावर बैठक बसली. हे जेझुइट वृत्तांतच सांगतात, आणि ते महत्त्वाचं आहे. जमाव भडकला आणि धावला, असं घडलेलं नाही. ज्या संस्थेनं बांध दुरुस्तीचे ठराव केले, त्याच संस्थेनं त्या दिवशी हा निर्णय केला. मग तलवारी, भाले घेऊन लोक आले.

पाद्र्यांसोबतच्या एका पोर्तुगीजानं बंदूक रोखली. पाशेकु नावाच्या पाद्रीनं त्याला अडवलं, आपण इथे लढायला आलो नाही, असं सांगून. पाचही जेझुइट मारले गेले, त्यांच्यासोबतचे बरेच जणही. मृतांत दोन मुलगे होते. एक पाशेकुची पोथी सांभाळणारा. दुसरा कुंकळ्ळीचाच, पाद्र्यांसोबत हिंडून त्यांना देवळांच्या जागा दाखवणारा. त्याला त्याच्या हिंदू काकानं मारलं, असं नोंदलेलं आहे.

गावाची बाजू घेऊन लिहिणारे या दोन मुलांपाशी पटकन पान उलटतात. उलटू नये. बळजबरीनं गाव कसं फाटतं, हे काका-पुतण्याच्या या एका नोंदीत जेवढं दिसतं तेवढं 280 च्या आकड्यात दिसत नाही. ज्या पोराला एरवी काकानं जत्रेला खांद्यावर बसवून नेलं असतं, ते पोर देवळं दाखवणारा माहीतगार झालं होतं, आणि काका मारेकरी.

प्रेतं विहिरीत टाकली होती. दोन दिवसांनी ती मिळाली आणि रायतूरला पुरण्यात आली.

सरकारनं काय केलं

सूड ताबडतोब घेतला असता तर ते त्या काळाच्या रीतीला धरून झालं असतं. सरकारनं वेगळं केलं. साळ नदीकाठी असोळण्याला किल्ला होता. तिथल्या किल्लेदारानं गावच्या सोळा गावकारांना बोलणी करण्यासाठी बोलावलं. ते गेले. आत घेऊन त्यांना मारण्यात आलं. पंधरा मेले. एकानं नदीत उडी टाकली आणि पोहत निसटला. तो शौचकूपातून बाहेर पडला, असं परंपरा सांगते. तो पुढे कारवारकडे गेला म्हणतात.

मग जमिनीवर हात पडला. पाच गावांच्या जमिनी गावकारीकडून काढून एका पोर्तुगीजाला बहाल केल्या गेल्या. नंतर त्या जेझुइटांच्या हाती आल्या, आणि 1759 मध्ये पोर्तुगालच्या राजानं जेझुइटांनाच हाकलून त्यांची मालमत्ता जप्त करेपर्यंत तिथेच राहिल्या. जे स्वतःच्या जमिनीचे भागीदार होते ते त्याच जमिनीवर दुसऱ्यासाठी कसणारी कुळं झाले.

निष्पत्ती

कुंकळ्ळीची शांतादुर्गा (केळशीची वेगळी) फातर्प्याला गेली, जेमतेम दोन कोसांवर, पण पोर्तुगीज हद्दीपलीकडे. कुंकळ्ळीत चर्च झालं. बरीच घरं ख्रिस्ती झाली, बरीच राहिली. एवढ्यानं सरकारचा हेतू साधला का?

कागदावर पाहिलं तर साष्टी ख्रिस्ती झाली. पण 14 एप्रिल 1736 चा इन्क्विझिशनचा जाहीरनामा वाचला की वेगळं दिसतं. देवळं पाडून दीडशेहून जास्त वर्षं लोटली होती. हा जाहीरनामा आहे बाटलेल्या घरांसाठी, म्हणजे पाच-सहा पिढ्या ख्रिस्ती असलेल्यांसाठी. आणि त्यात काय बंद केलंय? लग्नात विडा-सुपारी आणि फुलं देणं. नवरा-नवरीला हळद लावणं, नारळाच्या रसानं न्हाऊ घालणं. मुहूर्ताचं कांडण. ओव्या म्हणणं. फुगे, म्हणजे पुऱ्या वाटणं. बिनमिठाचा भात शिजवणं. एकादशी पाळणं. पुरुषांनी धोतर नेसणं, बायकांनी चोळी घालणं. परसातली तुळस उपटून टाकावी, असंही.

सरकार भातात मीठ आहे का ते पाहायला निघालं होतं. ज्या कारभाराला सहाव्या पिढीच्या स्वयंपाकघरात शिरून चव घ्यावी लागते, त्याचा अंमल पहिल्या पिढीत किती बसला असेल? आणि हे पाहणार कोण? शेजारी. निनावी चुगली हेच त्या न्यायालयाचं मुख्य हत्यार होतं. 1583 मध्ये काका आणि पुतण्यात जी फट पडली, ती आता रीतसर कामकाजाचा भाग झाली होती. इन्क्विझिशन 1774 मध्ये बंद झालं, चार वर्षांनी परत सुरू झालं आणि शेवटी 1812 मध्ये गेलं. हळद राहिली. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी रोस लावतात, नारळाचा रस आणि तेल, आणि आजही वर्हाड त्यावेळी गाणी म्हणतं.

कुंकळ्ळीत दरवर्षी फाल्गुनात सत्र्यो निघतात. फातर्प्याहून देवी छत्र्यांच्या मिरवणुकीनं जुन्या गावी येते, बारा छत्र्या बारा वांगडांच्या. वांगड म्हणजे कूळ, आणि कूळ बाप्तिस्म्याच्या आधीचं. त्यामुळे गावकारांच्या वंशजांत आज हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही.

पाच जेझुइटांना पोपनं 1893 मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्यांच्यासोबत मेलेले स्थानिक ख्रिस्ती त्या यादीत नाहीत, ते दोन मुलगेही नाहीत. मारल्या गेलेल्या गावकारांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

सरकारच्या बाजूनं पहिली संधी 1567 मध्येच गेली. लोटलीच्या तक्रारीत किल्लेदाराला नुकसान भरायला लावलं असतं, तर साष्टीत एक पायंडा पडला असता : राज्य परकं आहे, पण दाद लागते. त्याऐवजी लोकांना कळलं की दाद मागितली तर शिक्षा वाढते. नंतर कुंकळ्ळीनं अर्जविनंतीच्या फार भानगडीत न पडता थेट दस्त अडवला, त्याचं मूळ बहुधा इथे आहे.

दुसरी संधी, सारा आणि देऊळ यांची गाठ सोडवण्याची. हे अशक्य नव्हतं. याच राज्यात जकातीचे मक्ते हिंदू व्यापाऱ्यांकडे होते, वैद्य हिंदू होते, दुभाषे हिंदू होते, आणि त्यांच्याशी सरकार गरजेप्रमाणे जुळवून घेत होतं. शहरात पैशाची निकड होती तिथे कायदा वाकला. गावात वाकला नाही, कारण गावाकडून जे हवं होतं ते हिसकावून घेता येईल असा अंदाज होता.

जेझुइटांपुरतं बोलायचं तर बेर्नुला त्या दिवशी नेणं टाळता आलं असतं. जळलेल्या गावात, त्याच पावसाळ्यात, गाय मारणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जागा मोजायला जायचं नसतं. आक्वाविवाला हे कोणी सांगितलं नसेल असं वाटत नाही. साष्टीत तो नवा होता आणि बेर्नु अनुभवी. नवख्या प्रमुखानं जुन्या सहकाऱ्याला दूर ठेवणं अवघड असतं, हे कुठल्याही कचेरीत दिसतं.

आणि गाव? 15 जुलैच्या बैठकीत पाद्र्यांना हुसकावून लावण्यावर थांबता आलं असतं का? मला वाटतं, आलं असतं. शस्त्र चालवायचं नाही असं समोरच्यांनीच ठरवलं होतं, संख्या गावाची जास्त होती. पाच जणांना ओर्लीपर्यंत परत हाकललं असतं तरी फौज कदाचित आलीच असती, पण अंगावर खून नसता आणि दोन पोरांचं रक्त नसतं. हे मी साडेचारशे वर्षांनंतर खुर्चीत बसून म्हणतोय. त्यांची घरं नुकती जळली होती.

असोळण्याचं बोलावणं मात्र वेगळं. तिथे विचार करायला वेळ होता. किल्लेदाराच्या शब्दावर विश्वास ठेवण्याजोगं मागच्या सोळा वर्षांत काहीच घडलं नव्हतं. बोलणी टाळता येणार नव्हती हे खरं, कारण जमीन त्यांच्या हातात होती आणि ती वाचवायची होती. पण सोळाच्या सोळा गावकारांनी एकदम किल्ल्यात शिरायला नको होतं. दोघं जाऊ शकले असते, बाकीचे नदीच्या या बाजूला थांबू शकले असते. गावकारीचे हिशेब, हद्दी, कुणाचं शेत कुठवर, हे सगळं त्या माणसांच्या डोक्यात होतं. ती पंधरा माणसं एका दिवसात गेल्यावर जमिनीचा दावा पुढे चालवायला गावात जाणता कोणी उरला नाही.